पौराणिक कादंबरी आधी की मूळ आधी?

साळकाठ

नमस्कार मंडळी. फोंड्यातल्या आमच्या वाचन मंडळाने चवथीनंतर नवा क्रम धरायचं ठरवलंय. पौराणिक कादंबऱ्या, अद्भुतकथा आणि जगातल्या जुन्या अभिजात कादंबऱ्या, महिन्याला एक पुस्तक. मंडळात कॉलेजची मुलं आहेत, निवृत्त मास्तर आहेत, दुकान सांभाळून वाचणारे आहेत.

यादीत 'ययाति' (१९५९), 'मृत्युंजय' (१९६७) आणि भैरप्पांचं 'पर्व' (कन्नड १९७९, मराठीत उमा कुलकर्णींनी आणलेलं) नक्की झालंय. वाद आहे तो क्रमाचा. काहींचं म्हणणं, मूळ महाभारत ठाऊक नसेल तर कादंबरी कुठे वाकली, कुठे उंच गेली हे कळणारच नाही. माझं मत उलट आहे. कादंबरी ही कादंबरी म्हणूनच वाचावी, पानोपानी मूळ आडवं घातलं तर रस जातो. जाणकारांनी सविस्तर लिहावं. कुठली आवृत्ती, कुठला भाग, किती वेळ, सगळं चालेल.

ओवीकार

साळकाठ, "आधी सगळं महाभारत" हा आग्रह मीही धरणार नाही. १८ पर्वं संपवून मग कादंबरी उघडायची म्हटलं तर मंडळ दुसऱ्या महिन्यात ओस पडेल. पण मूळ अजिबात न बघणंही नको. वाट मधली आहे: ज्या पात्रावर कादंबरी बेतली आहे, त्या पात्राच्या मुळातल्या जागा तेवढ्या काढायच्या.

कर्णाच्या सांगतो. आदिपर्वात संभवपर्व या उपपर्वातली शस्त्रपरीक्षा आणि अंगदेशाचा अभिषेक. सभापर्वात द्यूत. वनपर्वात दोन ठिकाणं, घोषयात्रा आणि कुंडलाहरण. विराटपर्वात गोग्रहण. उद्योगपर्वात भगवद्यानाच्या शेवटचे कृष्ण-कर्ण आणि कुंती-कर्ण संवाद. मग कर्णपर्व. आणि हे बहुतेक जण विसरतात, शांतिपर्वाची सुरुवात, जिथे नारद युधिष्ठिराला कर्णाची पूर्वकथा सांगतो. कर्णपर्व सोडलं तर बाकीचं चार-पाच बैठकांत होतं.

एवढं वाचल्यावर काय दिसतं? द्रोणांनी कर्णाला शिष्य म्हणून घेतलंच नाही, असं सर्रास बोललं जातं. आदिपर्वात द्रोणांकडे शिकायला आलेल्यांत राधेयाचं नाव आहे. शांतिपर्वात द्रोण नाकारतात ते ब्रह्मास्त्र, आणि त्यानंतर तो महेंद्र पर्वतावर परशुरामांकडे जातो. घोषयात्रेत गंधर्वांनी रथाचे तुकडे केल्यावर कर्ण विकर्णाच्या रथावर चढून रणातून निघून जातो, आणि दुर्योधन पकडला जातो. द्यूतसभेत विकर्ण द्रौपदीची बाजू घेतो तेव्हा त्याला खोडून काढणारा आणि दुःशासनाला वस्त्रं काढायला सांगणारा कर्णच आहे.

कवचकुंडलांचंही तसंच. सूर्य स्वप्नात येऊन आधी सावध करतो, कर्ण ऐकत नाही, पण इंद्राकडून अमोघ शक्ती मागून घेतो. दान आहेच, आणि देवाणघेवाणही आहे. व्यासांनी दोन्ही एकाच माणसात ठेवलंय.

आता 'मृत्युंजय' उघडा. सावंतांनी यातलं काय उचललं, काय मवाळ केलं आणि कशासाठी, हे दिसायला लागतं. रस जात नाही, वाढतो.

अंत्रुजी

ओवीकारांना +१. उद्योगपर्वातला कृष्ण-कर्ण संवाद तर मंडळात मोठ्याने वाचून घ्या. कर्ण येणाऱ्या युद्धाला यज्ञाचं रूप देतो. गांडीव ही पळी, वीरांचा पराक्रम हे तूप. आणि कृष्णाला सांगतो की माझा जन्म युधिष्ठिराला कळू देऊ नकोस. कळला तर तो राज्य मला देईल आणि मी ते दुर्योधनाला देईन. या एका वाक्यात जेवढा कर्ण आहे तेवढा कित्येक कादंबऱ्यांत नाही.

म्हादई

मी साळकाठांच्या बाजूची. ओवीकारभाई, तुमची यादी उत्तम आहे, पण ती कादंबरी संपल्यावर काढावी. कारण सांगते.

मूळ आधी वाचलं की वाचक तपासनीस होतो. "हे व्यासांत नाही" एवढंच शोधत बसतो. 'ययाति'मधली अलका मूळ महाभारतात नाही सापडणार, ती खांडेकरांची. पण अलका का आणली? राजवाड्यात वाढलेल्या मुलाच्या मनात स्त्रीच्या मायेची आणि मृत्यूच्या भीतीची पहिली खूण उमटवायला. पुढचा ययाति त्या खुणेतून उलगडतो. हे कादंबरीचं काम आहे आणि ते कादंबरीतच तपासायचं.

तपासायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. निवेदकांचं बघा. 'ययाति'त ययाति, देवयानी, शर्मिष्ठा बोलतात. 'मृत्युंजय'मध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण, असे सहा. मंडळात एक प्रयोग करा. प्रत्येकाच्या भागातलं मधलंच एक पान काढा, वरचं नाव झाका, पात्रांची नावं गाळून वाचा आणि कोण बोलतंय ते ओळखायला सांगा. पौराणिक कादंबरीचा सगळ्यात मोठा दोष इथे पकडला जातो: सगळे एकाच भरजरी भाषेत बोलतात. दासीही सूर्यास्ताचं वर्णन राजकन्येसारखं करते. देवयानीचा हेका आणि शर्मिष्ठेचं सोसणं खांडेकरांनी वाक्यांच्या चालीत वेगळं ठेवलंय, ते ऐकू येतं. 'मृत्युंजय'मध्ये शोणाचा भाऊभोळा सूर चांगला लागलाय, पण कुंती आणि वृषाली काही ठिकाणी एकमेकींच्या आवाजात बोलतात असं मला ठामपणे वाटतं.

'पर्व'मध्ये हा प्रश्न उद्भवत नाही. भैरप्पा थेट मद्र देशात, शल्याच्या घरी सुरुवात करतात. घरातल्या लग्नाची काळजी, म्हातारपणाची चिडचिड. देव म्हणजे हिमालयातली एक जमात, वर-शाप नाहीत. युद्ध म्हणजे धान्य, पाणी, घाण, माश्या. हे वाचायला मूळ श्लोक कशाला हवेत?

ओवीकार

म्हादईबाय, 'पर्व'चाच दाखला घेऊ. त्यात सैन्याच्या धान्यापाण्याचे हाल एवढे का दाखवलेत हे मुळातला आकडा माहीत असल्याशिवाय कळत नाही. एक पत्ती म्हणजे १ रथ, १ हत्ती, ३ घोडे, ५ पायदळ. तिप्पट केलं की सेनामुख, मग गुल्म, गण, वाहिनी, पृतना, चमू, अनीकिनी, दर वेळी तिप्पट. दहा अनीकिनींची एक अक्षौहिणी. म्हणजे २१,८७० रथ, तेवढेच हत्ती, ६५,६१० घोडे, १,०९,३५० पायदळ. अशा कौरवांच्या ११ आणि पांडवांच्या ७. बेरीज ३९ लाखांच्या वर जाते, त्यात हत्तीच ३,९३,६६०. एवढी जनावरं आणि माणसं एका मैदानाजवळ १८ दिवस. आता खातील काय, पितील काय, मेलेल्यांचं काय करतील? महाकाव्य हा प्रश्न ओलांडून जातं. भैरप्पा नेमके तिथेच थांबतात. मुळातली ती संख्या डोक्यात असेल तर त्यांचं थांबणं अंगावर येतं.

म्हादई

हा मुद्दा मान्य. पण तो एका टाचणात मावतो, त्यासाठी भीष्मपर्व नको.

पाटोवाचक

दोघांच्या मध्ये एक व्यावहारिक गोष्ट. "मूळ" म्हणजे कुठलं, हे आधी ठरवा, नाहीतर मंडळात दोघे दोन वेगवेगळी पुस्तकं हातात घेऊन भांडतील.

पुण्याच्या भांडारकर संस्थेची चिकित्सित आवृत्ती १९१९ साली हाती घेतली गेली आणि १९६६ साली पुरी झाली. हजारावर हस्तलिखितं ताडून पाहिली. संपादक सुकथनकरांनी पद्धत घालून दिली: जे जवळपास सगळ्या पाठपरंपरांत आहे ते वर मुख्य पाठात, जे काही ठिकाणीच आहे ते खाली तारांकित करून, आणि लांबलचक भर परिशिष्टात. पान उघडलं की वर थोडे श्लोक आणि खाली बारीक टाइपाची गर्दी दिसते, ती हीच. "लाख श्लोकांचं महाभारत" म्हणतात, पण इथे मुख्य पाठ ७५ हजारांच्या आत आहे.

गीता प्रेसचे सहा खंड वेगळ्या जातीचे. संस्कृत मूळ, खाली हिंदी अर्थ, जुना टीकाकार नीलकंठ याच्या पाठावर आधारलेले आणि त्यात दाक्षिणात्य पाठही घेतलेला. वाचायला सोपे, पण भरही जास्त.

फरक कुठे पडतो? गणपतीने महाभारत लिहून घेतल्याची कथा चिकित्सित आवृत्तीत परिशिष्टात गेली आहे. स्वयंवरात "सूताला वरणार नाही" हे द्रौपदीचं वाक्य मुख्य पाठात नाही. वस्त्रहरणात वस्त्रं येतात, पण द्रौपदीचा कृष्णाचा धावा खाली टीपेत आहे. 'मृत्युंजय'सारखी कादंबरी स्वयंवरातल्या अपमानावर बरंच ओझं टाकते. ते ओझं कुठल्या पाठावर उभं आहे हे कळायला ही आवृत्ती हवी.

अजून एक. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडल्यावर द्रौपदी "आंधळ्याचा मुलगा आंधळा" म्हणाली, हे तर कुठल्याच पाठात मिळणार नाही. प्रत्यक्ष प्रसंगात भीम आणि सेवक हसतात. पुढे घरी जाऊन धृतराष्ट्राला सांगताना दुर्योधन त्या हसणाऱ्यांत द्रौपदीचं नाव घालतो. एकच प्रसंग, आधी कवीच्या तोंडून आणि मग दुखावलेल्या माणसाच्या तोंडून. कादंबरीकाराला यापेक्षा चांगला धडा मिळणार नाही.

पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन एखाद्या पर्वाचं पान मंडळातल्या दोघांनी नुसतं बघून आलं तरी पुष्कळ.

काल्याचा रसिक

पाटोवाचक, तुम्ही सांगितलेल्या गोष्टी लोकांच्या तोंडी आल्या कुठून, हेही बघायला हवं. आपल्याकडे गोव्यात, कोकणात घरोघरी व्यास वाचले जात नव्हते. श्रावणात पोथी लागायची ती श्रीधरस्वामींची. 'हरिविजय', 'रामविजय', 'पांडवप्रताप', अठराव्या शतकाच्या आरंभीची. आपल्या कानांवरचं महाभारत मुख्यतः 'पांडवप्रताप' आणि दशावतार, दोघांनी मिळून घडवलेलं आहे.

पेडणे, डिचोली, सत्तरीच्या जत्रांतला काला, म्हणजे दशावतारी खेळ, पाहिला असेल तर पौराणिक कादंबरीचं तंत्र तिथे उघडं दिसतं. आधी आड-दशावतार: गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, ब्राह्मण, संकासुर. मग रात्री उशिरा आख्यान लागतं ते पहाटेपर्यंत. संहिता लिहिलेली नसते. रंगपटात प्रसंगांचा क्रम ठरतो, कोण कोणानंतर येणार ते ठरतं, बाकी संवाद ज्याने त्याने उभ्या जागी रचायचे. पायपेटी, पखवाज, झांज आणि एक बाकडं, तेच सिंहासन, तोच पर्वत. कथा सगळ्यांना पाठ, त्यामुळे "पुढे काय" ही उत्कंठा नाहीच. लोक थांबतात ते "हा नट आज दुर्योधनाची बाजू कशी मांडतो" हे ऐकायला. राक्षसालाही बाजू असते, आणि ती नीट मांडली नाही तर युद्धनृत्याला जोर येत नाही.

म्हणून साळकाठ, माझं उत्तर असं: मुळाचा सांगाडा माहीत हवा, मुळाचे शब्द नाही मिळाले तरी चालेल. दशावताराचा प्रेक्षक तेवढ्यावरच रात्र काढतो आणि कुठला नट आख्यान सोडून भरकटला हेही त्याला अचूक कळतं.

अंत्रुजी

सत्तरीतलं रणमालें हे लोकनाट्यही यात धरा. रामायणाचे प्रसंग, मध्ये लोकगीतं. लक्ष्मणरेषा वाल्मीकीत नाही म्हणून तिथे कोणी उठून जात नाही.

कुळागर

पौराणिक कादंबरीत हमखास घसरणारी जागा म्हणजे स्वयंपाकघर आणि बाग. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, काजू, अननस, पपई, पेरू हे सगळं अमेरिका खंडातून आलेलं, आणि त्यातलं बरंचसं पोर्तुगिजांच्या जहाजांवरून आपल्याच किनाऱ्याला लागलं. म्हणजे सोळाव्या शतकाच्या अलीकडे. हस्तिनापुरात लाल मिरचीची फोडणी बसली किंवा द्वारकेच्या बागेत पेरू लागला की गोव्यातल्या वाचकाने तरी थांबावं. तिखटाला मिरी, पिंपळी, आलं. आंबटाला आंबा, आवळा, बोर. जव, तांदूळ, तीळ, उडीद, मध, दूध-तूप एवढ्यात लेखकाला भरपूर वाव आहे.

घोड्यांचंही बघा. महाभारतातला वीर रथातून लढतो, सोबत सारथी. रिकिबीत पाय रोवून भाला फेकणारा स्वार आला की समजावं, लेखकाच्या डोळ्यासमोर मराठेशाही आहे.

हे दोष किरकोळ म्हणून सोडू नयेत. आपण त्या जगावर विश्वास टाकतो तो अशाच लहान वस्तूंच्या आधाराने.

रानमोगरा

कुळागर, हाच नियम अद्भुतकथेलाही लागतो. साळकाठांनी अद्भुतकथा यादीत धरल्यात, पण त्यावर कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

टॉल्किनचं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' घेणार असाल तर महिन्यात संपवायचा हट्ट नको. १९५४-५५ साली तीन खंडांत आलं, पण आत भाग सहा आहेत, एका खंडात दोन. तेव्हा दोन महिने धरा, दर दहा दिवसांना एक भाग. वाचक गळतात ते ठरलेल्या तीन ठिकाणी. पहिलं, प्रस्तावनेतली हॉबिट लोकांची आणि त्यांच्या तंबाखूची माहिती. ती सरळ सोडा, पहिला भाग संपल्यावर परत या. दुसरं, बिल्बोच्या वाढदिवसानंतर फ्रोडो निघेपर्यंत कथेत १७ वर्षं जातात आणि त्यानंतरही प्रवास रमतगमत चालतो. तिसरं, एलरॉन्डच्या सभेचं प्रकरण, ज्यात नुसतं बोलणं आहे आणि नावांचा पाऊस आहे. त्या प्रकरणाला कागद घेऊन बसावं. कोण बोलतो, कुठून आला, काय बातमी आणली, असे तीन रकाने आखावेत. पुढचं सगळं पुस्तक त्या तीन रकान्यांतून निघतं.

तिसऱ्या आणि चौथ्या भागात लेखक कथा फोडतो. तिसऱ्यात बाकीचे सगळे, चौथ्यात फक्त फ्रोडो, सॅम आणि गोलम. एकाच काळात दोन्हीकडे काय चाललंय ते बघायला शेवटच्या परिशिष्टांतली कालरेषा, 'बी', उघडी ठेवा. अंगठी २५ मार्चला नष्ट होते, त्या तारखेपासून मागे मोजत गेलं की दोन्ही धागे जुळतात. आणि आरागॉर्न-आर्वेनची कथा परिशिष्ट 'ए'मध्ये आहे, ती न वाचता पुस्तक मिटू नये.

म्हादईबायंची आवाजाची कसोटी इथे लावून बघा. गोलमचं एक वाक्य, नाव झाकून वाचलं तरी ओळखू येतं.

मराठीत अद्भुत वाचायचं तर दोन टोकं घ्या. 'मुक्तामाला' (१८६१) हे सुरुवातीचं टोक: योगायोग, संकटं, सुटका. आणि जी. ए. कुलकर्ण्यांचं 'रमलखुणा' (१९७५) हे दुसरं. त्यातल्या 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दोनच दीर्घकथा आहेत, पण देश, देवता, दंतकथा सगळं नव्याने रचलेलं. त्यांना अद्भुतकथा म्हणून फारसं कोणी वाचत नाही. वाचायला हवं.

गोंयकार

अवांतर आहे, पण मंडळाला लागेल. गीता प्रेसचे किंवा जुने जाड खंड कोणाच्या घरातून काढणार असाल तर आपल्या पावसात त्यांना बुरशी आणि कसर दोन्ही असणार. वाचायला देण्याआधी काय करावं ते सांगतो.

बुरशी दिसली तर घरात झटकू नका, ती उडून बाकीच्या पुस्तकांवर बसते. उघड्या हवेत, नाकावर मास्क लावून, मऊ ब्रशने शिवणीकडून बाहेरच्या दिशेने झाडा. ओलं फडकं लावू नका. कडक उन्हातही ठेवू नका. कागद पिवळा पडतो, पुठ्ठा वाकतो आणि जुना सरस तडकतो. सावलीत, वारा असलेल्या जागी, पानं पंख्यासारखी उघडून उभं करा. पानं दमट लागत असतील तर दर वीस-पंचवीस पानांमध्ये टिपकागद घाला आणि दिवसातून दोनदा बदला.

कपाट भिंतीला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणं ही सर्रास होणारी चूक. आतला ओलावा आतच राहतो आणि बुरशी जोमाने वाढते. सिलिका जेलच्या पुड्या ठेवत असाल तर निळे दाणे गुलाबी झाले की त्यांचं काम संपलं. मंद आचेवर परत निळे होईपर्यंत तापवायचे. वाटीत उघडे ठेवू नका, लहान मुलं तोंडात घालतात.

साळकाठ

गोंयकार, देव बरें करूं. चार खंड एका सदस्याच्या माडीवरून येणार आहेत, हे सगळं लागणारच आहे.

ओवीकार, म्हादईबाय, अजून एक विचारायचं होतं. जसं कर्णाच्या जागा सांगितल्या तसं ययातीच्या?

ओवीकार

ययातीच्या जागा थोड्या आहेत, पण एक आडबाजूला आहे. मुख्य कथा आदिपर्वातल्या संभवपर्वात: कच-देवयानी, विहीर, शर्मिष्ठेचं दास्य, शुक्राचा शाप, यदूपासून सुरुवात करून पाच मुलांना मागणं, पूरूचा होकार, हजार वर्षांचा भोग आणि शेवटी ययातीचेच उद्गार, की कामना उपभोगाने शमत नाही, तुपाने अग्नी वाढावा तशी वाढते. त्याला लागूनच ययाति स्वर्गातून खाली पडतो ती कथा आहे. खांडेकर त्या वाटेला जात नाहीत.

आडबाजूची जागा उद्योगपर्वात. माधवीची. गालवाला गुरुदक्षिणा म्हणून ८०० घोडे हवेत, चंद्रासारखे पांढरे आणि एक कान काळा. ययातीकडे घोडे नाहीत, म्हणून तो आपली मुलगी माधवी देतो. तीन राजांकडे असे २००-२०० घोडे निघतात, प्रत्येकाला तिच्यापासून एक मुलगा. उरलेले २०० कुठेच नाहीत, त्यांच्या बदली विश्वामित्र, म्हणजे जो गुरू आहे तोच, तिला ठेवून घेतो आणि मुलगा घेतो. मग ती बापाकडे परत येते. स्वयंवर मांडतात, तर ती अरण्य निवडते.

म्हादई

ओवीकारभाई, इथे मी तुमच्या बाजूला येते. 'ययाति' वाचून झाल्यावर माधवीची कथा मंडळात वाचलीच पाहिजे. कादंबरीत ययाति आपल्या सुखासाठी मुलाचं तारुण्य घेतो, मुळात तो आपल्या दानशूरपणाच्या नावासाठी मुलीचं शरीर देऊन टाकतो. दुसरी गोष्ट जास्त भयंकर आहे आणि ती पुण्य म्हणून सांगितली आहे. कादंबरीच्या आधी वाचली तर खांडेकरांच्या शर्मिष्ठेकडे लक्षच जाणार नाही. नंतर वाचली तर शर्मिष्ठा आणि माधवी शेजारी उभ्या राहतात.

पाटोवाचक

गोव्यातच बसून हे बोलतोय तर आपल्याकडच्या दोन गोष्टी राहू नयेत. केळशीच्या कृष्णदास शामांनी १५२६ साली भागवताच्या दशमस्कंधावर मराठीत कृष्णकथा रचली. आणि पोर्तुगालमध्ये ब्रागाच्या ग्रंथालयात सोळाव्या शतकातली हस्तलिखितं आहेत, त्यांत रामायण-महाभारताच्या कथा कोकणी गद्यात, रोमी लिपीत उतरवलेल्या. पाद्रींनी भाषा शिकण्यासाठी लिहून घेतल्या, आणि त्यामुळे आपल्या गद्यातल्या फार जुन्या पुराणकथा टिकल्या.

त्याच काळाच्या थोडं पुढे राशोलला फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं, १६१६ साली. जवळपास ११ हजार ओव्या. विषय बायबलचा, बांधणी पुराणाची. परकं जग सांगायचं तर ऐकणाऱ्याच्या छंदात, त्याच्या झाडाफुलांत सांगावं लागतं, हे त्याने ओळखलं होतं. रानमोगरा, अद्भुतकथा लिहिणाऱ्याने हे वाचायलाच हवं. मंडळात सगळं नको, सृष्टीच्या उत्पत्तीचा भाग चालीवर म्हणून घ्या.

तिसवाडी

जागतिक अभिजात कादंबऱ्यांबद्दल एकच सूचना, पण महत्त्वाची. मराठीत मिळणारी पुष्कळ पुस्तकं संक्षिप्त असतात आणि मुखपृष्ठावर तसं लिहिलेलं नसतं. आतल्या पानावर 'अनुवाद', 'रूपांतर' की 'संक्षेप' ते बघा. तेही नसेल तर प्रकरणं मोजा. 'काउंट ऑफ मॉन्टे ख्रिस्तो'ची मूळ प्रकरणं ११७. 'मोबी डिक' १३५ आणि उपसंहार. 'डॉन किहोते'चा पहिला भाग (१६०५) ५२ प्रकरणांचा, दुसरा (१६१५) ७४ चा. कित्येक ठिकाणी दुसरा भागच नसतो, आणि खरी खोली दुसऱ्यात आहे. 'गलिव्हर'च्या सफरी चार. आपल्याला बहुधा बुटक्यांची आणि राक्षसांची अशा दोनच दिल्या जातात. चौथी, शहाण्या घोड्यांच्या देशातली, वाचल्याशिवाय ते मुलांचं पुस्तक नाही हे कळत नाही.

आणि 'इलियड' घेतलंत तर सदस्यांना आधीच सांगा: २४ सर्ग, शेवट हेक्टरच्या अंत्यसंस्काराने. लाकडी घोडा त्यात नाही, अकिलिसची टाच नाही. घोड्याची गोष्ट 'ओडिसी'च्या आठव्या सर्गात थोडक्यात आणि व्हर्जिलच्या 'इनीड'मध्ये दुसऱ्या सर्गात सविस्तर. नाहीतर शेवटपर्यंत वाट बघून मंडळी हिरमुसतात.

काल्याचा रसिक

तिसवाडी, म्हणजे ग्रीकांकडेही गोष्ट ऐकून पाठ होती, कवीने एक आख्यान तेवढं लावलं. आमच्या जत्रेसारखंच.

साळकाठ

तर असं ठरवतोय. कादंबरी आधी, पण हाती देतानाच मागच्या पुठ्ठ्याला एक कागद चिकटवायचा: पात्राच्या मुळातल्या जागा, पर्व आणि अध्याय. कादंबरी संपल्यावर पुढच्या बैठकीला त्यातल्या दोन जागा मोठ्याने वाचायच्या. कर्णासाठी द्यूत आणि कृष्ण-कर्ण संवाद, ययातीसाठी माधवी. 'पर्व'च्या आधी मात्र अक्षौहिणीचं टाचण. 'पर्व' चौथ्या महिन्यात, म्हणजे तोवर सगळ्यांना सांगाडा येईल. टॉल्किनला दोन महिने. नावं झाकून वाचायचा प्रयोग प्रत्येक पुस्तकाला.

पाटोवाचक

उत्तम. फक्त त्या कागदावर अध्यायांचे आकडे घालू नका. गीता प्रेसचा आणि भांडारकरांचा अध्यायक्रम जुळत नाही. वनपर्वात तर फरक पुष्कळ पडतो. एकाने एक आकडा धरून दुसऱ्या आवृत्तीत शोधलं तर भलतंच आख्यान हाती येईल. पर्वाखाली उपपर्वाचं नाव लिहा: घोषयात्रापर्व, कुंडलाहरणपर्व, भगवद्यानपर्व. उपपर्वांची नावं बहुतेक जुळतात आणि अनुक्रमणिकेत लगेच सापडतात. माधवीची कथाही भगवद्यानपर्वातच, नारद दुर्योधनाला सांगतो त्या ठिकाणी.